काळी झडप

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "म्याडम, तुमच्या पेशातलं काहीतरी हृदयस्पर्शी लिहा." मी म्हटलं, हृदयाला स्पर्श करायचं काम सर्जन लोकांचं. मी फिजिशियन. आधी नळी लावून बाहेरून ऐकत आले, पुढे इकोचं मशीन घेतलं तेव्हा पडद्यावर पाहत आले, आणि आत काय बिघडलं असेल याचा संशय घेत आले. "मग संशयावर लिहा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

विषय काही वाईट नाही. बीडमध्ये बसस्टँडच्या मागे माझा दवाखाना होता. तिथे संशय दोन्ही बाजूंनी चालायचा. मी पेशंटवर घ्यायचे, पेशंट माझ्यावर घ्यायचा. आधीच्या डॉक्टरचे रिपोर्ट पिशवीच्या तळाशी लपवून ठेवायचे आणि मी काय म्हणते ते ऐकून झाल्यावरच बाहेर काढायचे, असे पेशंट तर रोजचेच. एक बागायतदार इकोसाठी आला तो धाकट्या भावाला घेऊन. भाऊ धडधाकट, पैलवानासारखा. "आधी ह्याचं बगा," म्हणाला. मी त्याचं पाहिलं, काहीच दोष नव्हता, तसं सांगितलं. तेव्हा हा समाधानाने शर्टाची बटणं काढत म्हणाला, "मशीन बराबर हाय. आता माझं बगा."

आणखी एक प्रश्न नेहमी यायचा. "म्याडम कुठल्या म्हणायच्या?" मी म्हणायचे, बीडचीच. "तसं न्हाई वो, मूळच्या?" मूळची पण बीडचीच. मग नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे जायची आणि प्रश्न आपोआप मिटायचा. काही जण त्यानंतर जास्त आदराने बोलायचे, काही जण दुसऱ्या दवाखान्याची चौकशी करायचे. मला दोन्हींची सवय झाली होती.

गयाबाईंनी हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला होता. त्यांचीच गोष्ट सांगते.

त्या भावाला घेऊन आल्या होत्या. भाऊ नारायणराव, पन्नाशी उलटलेले, उमापूरच्या बाजूला चांगली शेती असलेले. गावात एकदा सरपंच होऊन गेलेले. उंच माणूस, पण पाठीला फळी बांधल्यासारखा ताठ चालत होता. मान वळवायची तर सगळं अंग वळवायचा. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, कानावरून खाली ओढलेला. महिन्याभरापासून चार पावलं चाललं की दम लागत होता आणि आदल्या दिवशी गोठ्यात चक्कर येऊन पडले होते. त्यांच्यासोबत दोन बायका होत्या. थोरली बहीण गयाबाई, पाटोद्याला दिलेली, टेबलाजवळच्या खुर्चीवर बसली. बायको कौसल्या दाराजवळच्या स्टुलावर. कौसल्या त्यांची दुसरी. पहिली आजारात गेली, मूल नव्हतं. कौसल्याचं माहेर कडा गावचं, वय नवऱ्याहून पंधराएक वर्षांनी कमी. तिलाही मूल झालेलं नव्हतं.

मी नळी छातीवर ठेवली. उजवीकडे वरच्या बाजूला खरखरीत, करवत ओढल्यासारखा आवाज. तोच आवाज मानेपर्यंत चढलेला. एवढ्यावर अर्धं निदान झालं. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून सगळ्या शरीरासाठी रक्त बाहेर पडतं, तिथे तीन नाजूक पाकळ्यांचं दार असतं. दर ठोक्याला उघडायचं, लगेच मिटायचं. पाकळ्या पातळ असतात, धान्याच्या टरफलासारख्या. त्या कडक झाल्या तर दार पुरतं उघडत नाही. हृदय जोर लावत राहतं, लावत राहतं, आणि एक दिवस मेंदूला रक्त कमी पडून माणूस खाली कोसळतो. आमच्याकडे झडपेचे पेशंट बहुतेक तरुण असतात, लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन गेलेले. नाहीतर मग अगदी म्हातारे, ज्यांच्या पाकळ्यांवर चुना साठलेला असतो. नारायणराव दोन्हींत बसत नव्हते. इकोवर पाकळ्या तीनच होत्या, जन्मजात दोष नव्हता, पण जाड आणि कडक, आणि दार जेमतेम फटीएवढं उघडत होतं.

"झडप बदलावी लागेल," मी म्हटलं. "औषधाने उघडणार नाही. आणि वेळ फार नाही."

"कशानं झालं पर हे?" गयाबाईंनी विचारलं.

"ते आत्ता सांगता येणार नाही."

डॉक्टरच्या तोंडून लोकांना सगळ्यात न आवडणारं वाक्य हेच. मृत्यूची बातमीसुद्धा लोक पचवतात, पण "माहीत नाही" पचत नाही. गयाबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पाण्याची प्लास्टिकची बाटली काढून टेबलावर ठेवली. आत काळं पाणी होतं. डिकाशनसारखं, वरच्या बाजूला जास्त काळं.

"हे ह्याचं मूत हाय," त्या म्हणाल्या. "उठवत न्हवतं म्हून खाटंपाशी बाटली ठिवलती. सकाळच्याला पिवळं व्हतं, दुपारच्याला बगते तर हे असं. तुमाला माहीत नसंल तर मी सांगते कशानं झालं. हिनं घातलंय त्याला." दाराकडे न बघता त्यांनी हात दाराकडे केला. "पिठाच्या डब्यात पुड्या घावल्या मला. इचारा तिला कसल्या हाईत."

कौसल्या मान खाली घालून बसली होती. नारायणराव तपासणीच्या टेबलावर पाय सोडून बसले होते. त्यांनी बहिणीला गप्प केलं नाही, आणि बायकोकडे बघितलंही नाही. माझ्या शकीला सिस्टर बीपीचं यंत्र गुंडाळत होत्या, त्यांनी ते ठेवून बाटलीखाली कागद सरकवला.

मी दोघा भावंडांना बाहेर बसवलं आणि कौसल्याला आत ठेवलं. खरं सांगायचं तर मलाही शंका होतीच. विषबाधा ही गोष्ट डॉक्टरने डोक्यातून काढून टाकायची नसते, आणि डब्यात लपवलेल्या पुड्या ऐकल्यावर तर नाहीच नाही. मी पुड्यांबद्दल विचारलं.

"गुडघ्याच्या हाईत," ती म्हणाली. "बाजारात एक माणूस बसतो, त्याच्याकडच्या. ह्यांचं पाठगुडघं लई दुखतं. रात्र रात्र कण्हत्यात. पर ह्यांना गावठी औषीद आवडत न्हाई, म्हून दुधातून देयाची. लपवून. ते चुकलं माझं."

"आणखी काही देतेस?"

"न्हाई. आन् देऊनबी कसं देईन? मी आधी खाते म्याडम. रोज. मी घास घेतल्याबिगर ह्ये ताटाला हात लावत न्हाईत. च्या मी आधी घोटभर पिते, मंग ह्ये कप उचलत्यात. कुणी कुणाला काय बोलत न्हाई. वन्सं येऊन गेल्या की जास्तच."

हे तिने रडत सांगितलं असतं तर मी कदाचित जास्त सावध झाले असते. ती हिशेब सांगितल्यासारखं सांगत होती. मी विचारलं, लघवीचा रंग पूर्वी कधी असा दिसला होता का?

"लघवी कोण बगतंय? बांधावर जात्यात. पर ह्यांची बनियन काखंत काळी पडत्यात. साबण लावला की आजून काळी. मला वाटायचं साबणच खराब हाय. कितीदा बदलला."

साबण लावला की आणखी काळं. हे वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी अडकलं, पण कशात अडकलं ते त्या क्षणी समजलं नाही. मी पुड्या, रक्त आणि लघवी तपासणीला मुंबईला पाठवली. शिसं, पारा, सोमल, सगळं तपासा म्हणून लिहिलं. नारायणरावांना संभाजीनगरच्या हृदयाच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. "रिपोर्टची वाट बघू नका, लगेच जा," असं तिघांनाही सांगितलं.

नारायणराव चिठ्ठी हातात धरून म्हणाले, "तिथल्या डॉक्टरचं आन् तुमचं काय ठरल्यालं असतंय का?"

"ठरलेलं असतं तर मी तुम्हाला एवढा वेळ दिला असता का?" मी म्हटलं. त्यांना उत्तर पटलेलं दिसलं नाही.

ते संभाजीनगरला गेले नाहीत. गयाबाईंचं म्हणणं, आधी विष उतरू द्या, मग झडपेचं बघू. त्यांनी काय केलं ते मला नंतर समजलं. गावात सकाळी दूध संकलन केंद्रावर सगळं गाव जमतं. तिथे रांगेत उभ्या असलेल्या कौसल्याला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या भावाला काय चारायली, सांग." तिच्या हातातली दुधाची कॅन घेऊन जमिनीवर ओतली. हिच्या हातचं दूध डेअरीला घालू नका, असंही म्हणाल्या. त्याच दिवशी कौसल्याचा भाऊ येऊन तिला कड्याला घेऊन गेला. नारायणराव ओट्यावर बसून होते, त्यांनी जा म्हटलं नाही आणि थांब पण म्हटलं नाही.

मग गयाबाई भावाला एका बाबाकडे घेऊन गेल्या. हा बाबा विष उतरवतो अशी ख्याती होती. त्याने मिठाचं पाणी पाजून पाजून नारायणरावांना ओकायला लावलं. ज्याच्या हृदयाचं दार फटीएवढं उघडतं, त्याच्या अंगातलं पाणी असं काढून टाकणं म्हणजे त्याला ढकलून देणं. दुपारी ते तिथेच बेशुद्ध पडले. जीपमध्ये आडवं टाकून बीडला आणलं, तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती.

आम्ही सलाइन लावलं, तेही जपून, कारण अशा हृदयाला कमी पाणी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. तासाभराने रक्तदाब वर आला आणि त्यांनी डोळे उघडले. मी बाहेर आले तर गयाबाई बाकावर बसून छाती बडवून घेत होत्या. "मीच मारलं माझ्या भावाला, मीच." पदर खांद्यावर घसरला होता. बाबाने विष बाधू नये म्हणून अंगावरचं सोनं उतरवायला लावलं होतं, म्हणून कानातली फुलं नव्हती. एरवी त्यांचे कान पदर आणि दागिन्यांखाली झाकलेले असायचे.

त्यांचे दोन्ही कान निळे होते. शाई पाण्यात सांडावी तसे, पाळीच्या वर, जिथे कूर्चा असते तिथे. ट्यूबलाइटच्या उजेडात ते आरपार निळसर काळे दिसत होते.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मला विद्यार्थिदशेतला एक परिच्छेद आठवला. प्रत्येक मेडिकल विद्यार्थी तो पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे विसरतो, कारण तसा पेशंट आयुष्यात बघायला मिळत नाही. अल्कॅप्टोन्युरिया. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे शरीर पायरीपायरीने मोडत जातं. काही माणसांमध्ये जन्मापासून त्यातली एक पायरीच नसते. मग मधलाच एक पदार्थ साठत राहतो. थोडा लघवीतून जातो, हवा लागली की काळा पडतो, सोडा किंवा साबण लागला तर आणखी लवकर. उरलेला कूर्चेत, मणक्यांत, गुडघ्यांत आणि हृदयाच्या झडपांत हळूहळू बसत जातो. तिशी चाळिशीपर्यंत कुणाला काही समजत नाही. त्यानंतर पाठ ताठ होते, सांधे झिजतात, पन्नाशीत झडप कडक होते. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो.

"गयाबाई, तुमची पाठ दुखते?" मी विचारलं.

त्या रडता रडता थांबल्या. "दुखती की. कावून?"

"गुडघे?"

"लई."

"आणि तुमच्या काखेतला ब्लाउज काळा पडतो. साबण लावला की आणखी."

त्यांनी चटकन पदर डोक्यावर ओढला. डोळ्यांत भीती आली. "कुणी सांगितलं तुमाला? तिनं सांगितलं का?"

"कौसल्याने तुमचे कपडे धुतलेत कधी?"

"छ्या! तिच्या हातचं पानी सुदिक पीत न्हाई मी."

"मग तुम्हाला कुणी विष घातलं?"

मी त्यांचा हात धरून आत नेलं. झोपलेल्या नारायणरावांच्या डोक्याचा रुमाल मी सोडवला आणि कान दाखवला. तोच रंग. मग शकीला सिस्टरांनी आरसा आणला आणि गयाबाईंनी स्वतःचा कान पाहिला. इतकी वर्षं त्यांना तो दिसला नव्हता असं नाही, पण फुलं घालण्यापुरताच दिसला होता. त्यांना वाटायचं सोन्यात भेसळ आहे, म्हणून त्यांनी सोनारही बदलला होता.

त्या खाली जमिनीवर बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांच्या आईचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं. म्हणजे त्यांचे वडील त्यांच्या आईचे मामाच. हे आमच्याकडे काही नवल नाही. नारायणराव तान्हे असताना त्यांची दुपटी काळी पडायची आणि गयाबाईंचीही पडलेली होती म्हणे. आई ती कधी अंगणात वाळत घालत नसे. घरात, चुलीच्या मागच्या दोरीवर वाळवायची. कुणी पाहिलं तर करणी म्हणेल, पोरीला कुणी करून घेणार नाही. "गया, कुणाला सांगू नगंस, असं तिनं मला शपथ घालून सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं न्हाई. मी इसरूनच गेले."

मला कबूल केलं पाहिजे की तोपर्यंत मी गयाबाईंच्या मनात जमीन असणार असं धरून चालले होते. भाऊ बिनवारस, बायको हाकलली, मग वाटा पाटोद्याला. हा अंदाज शकीला सिस्टरांचाही होता आणि गावातल्या निम्म्या लोकांचाही, असं पुढे समजलं. प्रत्यक्षात ही बाई घाबरलेली होती एवढंच. पहिली भावजय डोळ्यांदेखत गेली, आता भाऊ चालला होता, आणि कुणीतरी केल्याशिवाय असं होत नाही अशी तिची पक्की समजूत होती.

लघवी खास तपासणीसाठी पुन्हा मुंबईला पाठवली. दहाएक दिवसांनी उत्तर आलं, शंका खरी होती. शिसं, पारा, सोमल काही नव्हतं. पुड्यांमध्ये दुखण्याची साधी गोळी कुटून घातलेली निघाली.

आता ऑपरेशनला अडचण उरली नव्हती असं मला वाटलं. पण नारायणराव तयार होईनात. "आधी कौसल्या येऊ दे," म्हणाले. कड्याला निरोप गेला. कौसल्याने उलट निरोप पाठवला: जिथं सगळ्यांसमोर बोललात तिथंच सगळ्यांसमोर सांगा, मग येते.

गयाबाई माझ्याकडे आल्या. "मी सांगीन. पर माझं कोण ऐकतंय? म्हनतील भावाला वाचवायला बाई पलटली. तुमी या."

मी म्हटलं, हा तुम्हा भावंडांचा आजार आहे, तो चारचौघांत उघडा करायला मी येणार नाही. तुम्ही दोघांनी स्वतः सांगितलंत तर मी बाजूला उभी राहून लघवीत सोडा घालून दाखवीन, काय ते समजावून देईन. नारायणरावांनी हो म्हटलं. गयाबाई म्हणाल्या, "माझी बाटली मीच आणते. शंभर बायांच्या फुडं आणते."

रविवारी सकाळी मी आणि शकीला सिस्टर त्यांच्या गावी गेलो. दूध संकलन केंद्रासमोर माणसं जमली होती. जागा चांगली होती, कारण तिथे रोज प्रत्येकाच्या दुधात नळी घालून पाणी किती आहे ते बघतात. तपासणी म्हणजे काय हे त्या लोकांना शिकवावं लागत नव्हतं. कौसल्या भावाच्या मोटारसायकलवरून आली, निरोपाप्रमाणे आणलेली आपली बाटली शकीला सिस्टरांकडे दिली आणि एका बाजूला उभी राहिली. नारायणराव खुर्चीत बसलेले होते, डोक्याला रुमाल नव्हता. लोक त्यांच्या कानाकडे बघत होते.

टेबलावर तीन बाटल्या. नारायणराव, गयाबाई, कौसल्या. तिन्ही पिवळ्या. मी दुकानातून कपडे धुण्याचा सोडा आणवला होता, पुडी सगळ्यांसमोर फोडली. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आन् म्याडम, तुमचं?"

हशा पिकला. मी म्हटलं, आणते. आतल्या घरात जाऊन आणली. चार बाटल्या झाल्या.

चिमूट चिमूट सोडा घालून शकीला सिस्टरांनी बाटल्या हलवल्या. काही वेळ काहीच झालं नाही. मलाच धाकधूक वाटायला लागली, कारण हा प्रयोग मी पुस्तकात वाचला होता आणि आदल्या संध्याकाळी एकदाच करून पाहिला होता. मग नारायणरावांच्या बाटलीत वरून तपकिरी रेघ उतरायला लागली. त्यामागोमाग गयाबाईंच्या. थोड्या वेळात दोन्ही बाटल्या काळ्या झाल्या. माझी आणि कौसल्याची पिवळीच राहिली.

मग त्याच म्हाताऱ्यांनी विचारलं, "सोड्यातच काय घातलं असंल तर?"

"तुमची आणा," शकीला सिस्टर म्हणाल्या. ते खरोखर आत गेले आणि घेऊन आले. त्यांचीही पिवळी राहिली. मला वाटतं ते थोडे हिरमुसले.

गयाबाई पुढे आल्या. मी शिकवलेलं काहीही त्या बोलल्या नाहीत. "ही माझी बाटली हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या पोटातून आलंय हे. हिनं कायबी चारलं न्हाई माझ्या भावाला. मी हिचं दूध हितंच सांडलं. मी खोटी हाय." आणि त्यांनी कौसल्यापुढे हात जोडले.

मला वाटलं, झालं. गावालाही तसंच वाटलं असावं. लोक हलायला लागले. कौसल्या मात्र जागची हलली नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमी आलात, बोललात, लई झालं. पर एक इचारते. आज तुमची बाटली पिवळीच राहिली असती तर?"

कौसल्याने नवऱ्याकडे पाहिलं. "तर मी आजबी तशीच राहिले असते न्हवं? तुमी इस्वास ठिवायलाव त्यो बाटलीवर. माझ्यावर न्हाई."

नारायणराव काही बोलायला गेले, त्यांना दम लागला. ती लगबगीने त्यांच्याजवळ गेली आणि पाठीला हात देऊन त्यांना सरळ बसवलं. "बोलू नगा," म्हणाली. त्याच संध्याकाळी ती त्यांना घेऊन संभाजीनगरला गेली.

ऑपरेशनच्या दिवशी सर्जनचा फोन आला. माणूस अनुभवी, सहसा आवाज चढत नाही त्यांचा. "म्याडम, तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं तरी मला पटलं नव्हतं. झडप काळी आहे. कोळशासारखी. महाधमनीच्या आतली भिंतसुद्धा डागाळलेली." मी विचारलं, पेशंट कसा आहे? "उत्तम. धातूची झडप बसवली." मी फोन ठेवला आणि शकीला सिस्टरांना चहा सांगायला लावला. कुणी बरं झालं की आम्ही रोज काही चहा पीत नसू, पण त्या दिवशी प्यायलो.

काढलेली झडप दवाखान्यात नातेवाइकांना दाखवतात. ती कौसल्याला दाखवली. नंतर मला म्हणाली, "नखाएवढी व्हती म्याडम. एवढ्याशा चिजेपायी मला गावानं काय काय म्हनलं." ती बराच वेळ बघत राहिली होती, असं सर्जन पण म्हणाले.

मूळ आजार गेला नाही, जाणार नव्हता. त्याच्या मुळावर चालणारं एक औषध निघालंय, पण ते इथपर्यंत पोचवणं आम्हाला जमलं नाही. गयाबाईंचा इको केला, त्यांची झडपही कडक व्हायला लागली होती, पण दार अजून बरं उघडत होतं. दर वर्षी यायच्या. येताना फुलं काढून यायच्या, म्हणजे मला कान दिसावेत.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. ही गोळी फार हट्टी. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर शरीरात कुठेही रक्तस्राव. मात्रा रक्त तपासून सारखी कमीजास्त करावी लागते. म्हणून मी पेशंटच्या घरातल्या एका माणसावर ती जबाबदारी टाकत असे. पहिल्या तपासणीला दोघं आले तेव्हा मी विचारलं, गोळी कोण देणार?

"कौसल्याच दील," नारायणराव म्हणाले.

"न्हाई," कौसल्या म्हणाली. "सैपाक करीन, अंग चोळीन, रातभर बसून राहीन. गोळी माझ्या हातानं न्हाई. उद्या जास्त झाली, रगत आलं, तर म्याडम तुमी पुन्हा बाटल्या घेऊन येणार हाव का?"

मी तिला समजावलं नाही. मला तिचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. नारायणराव स्वतः गोळ्या घ्यायला लागले. सरपंचकी केलेला माणूस, नीटनेटका. वर्षभर त्यांचं रक्त अगदी हवं तिथे होतं, एकदाही चूक नाही.

मग एका तपासणीत रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा घसरलेला निघाला. पुढच्या वेळी आणखी घसरला. मी चिडले. "गोळ्या चुकवताय तुम्ही. झडप बंद पडली तर मला तोंड दाखवू नका." ते खाली बघत म्हणाले, "इसरतो म्याडम. वय झालं आता."

"इसरतो काय," कौसल्या म्हणाली. "दुधाचा हिशेब तोंडपाठ हाय."

"गोळी इसरतो," ते म्हणाले.

गोळ्यांची पाकिटं टेबलावर पडलेली होती. कौसल्या पाकिटांकडे बघत राहिली, मग खिडकीबाहेर. शेवटी तिने हात पुढे केला, पाकिटं उचलली, आपल्या पिशवीत टाकली आणि पिशवीचा बंद ओढून घेतला. "चला," म्हणाली. "गाडी जाईल." नारायणराव उठले. दारातून बाहेर पडताना तो ताठ माणूस सगळं अंग वळवून माझ्याकडे बघून गेला.

पुढच्या तपासणीला आकडा बरोबर होता. त्यानंतरही बरोबरच राहिला. त्यांनी त्या गोळ्या मुद्दाम चुकवल्या होत्या, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. विचारलं मात्र नाही.